दहा लिटरचा डबा

प्रताप नगर, नागपूर
७ ऑगस्ट

प्रिय मुग्धा,

वर्ध्यात तू रुळलीस, कुसुमआत्याला तिसऱ्या हाकेला ओ देतेस, बी.एस्सी.चे तास सुरू झाले, हे सगळं मला तुझ्या आईकडून कळतं. तिचा गुडघा आता बरा आहे. परवा तुझा फोन झाल्यावर ती सांगत होती की तुमच्या प्रयोगशाळेतला संगणक बंद पडला, मैत्रिणी तुला ओढून घेऊन गेल्या, आणि तू म्हणालीस, "मला त्यातलं काही येत नाही." आई हे सांगून पुन्हा मेथी निवडू लागली. मला तिथे बसवेना. त्या वाक्यासाठी हे पत्र आहे.

मे महिन्यात तू आपल्या हॉलमध्ये पुठ्ठा कापत बसायचीस, ते आठवतं? बाजारात मिळतो त्यातला सगळ्यात लहान संगणक स्वतः जोडायचा, हे तू ठरवलं होतंस. प्रत्येक सुट्या भागाच्या मापाचा पुठ्ठा कापलास, त्यावर पेन्सिलीने नावं लिहिलीस: पॉवर सप्लाय, मदरबोर्ड, प्रोसेसरवरचा पंखा. चपलांच्या खोक्यात ते आडवेउभे लावून पाहायचीस. पंखा तीन मिलिमीटरने उंच होतो म्हणून तू अख्खा एक दिवस उदास होतीस, आणि दुसरा पंखा सापडल्यावर खोकं डोक्यावर घेऊन घरभर नाचलीस. मी पेपर वाचत होतो. वाचत नव्हतो, तुझ्याकडे पाहत होतो. मला तुझा अभिमान वाटत होता. हे वाक्य आत्ता लिहिलं आणि थांबलो. अभिमान वाटत होता, पण तेवढंच वाटत नव्हतं.

मनीषनगरहून आनंदरावकाका आले होते तो दिवस घे. तू त्यांना सांगितलंस, संगणकाचा डबा फक्त दहा लिटरचा आहे. काका म्हणाले, "दहा लिटर? तेल भरून राहिली का वं त्यात?" सगळे हसले. तुला सांभाळून घ्यायला मी मध्ये पडलो आणि म्हणालो, तसं नाही दादा, पंखा किती हवा ओढतो त्याचं ते माप. तू हळूच म्हणालीस, "नाही बाबा, घनफळ. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची." काकांनी मांडीवर थाप मारली. "घे! जिंदगीभर लोकांच्या घराचे नकाशे तपासले, अन् पोरीनं तुलेच लिटरमध्ये मोजलं गा विश्वनाथ!" मीसुद्धा हसलो. त्या दिवशीच्या डायरीत फक्त एक ओळ आहे: 'मु. बरोबर होती.' तिच्याखाली पेनाने इतकं खोल अधोरेखित केलंय की मागचं पान फाटलंय.

तुझी यादी पक्की झाली आणि ती तू माझ्याकडे आणलीस. "बाबा, तुम्ही एकदा तपासा, म्हणजे मला टेन्शन नाही." माझं काम तू जाणतेस. दुसऱ्याच्या नकाशात जिना कुठे चुकला, खिडकी कुठे विसरली, ते शोधायचं. तुझी यादी मी तशीच तपासली. ऑफिसच्या संगणकावर जेवणाच्या सुट्टीत एकेका भागाची माहिती काढली. सगळं बरोबर होतं. पॉवर सप्लाय, डबा, पंखा, मिलिमीटरपर्यंत. एकच सोडून. तू निवडलेला प्रोसेसर दोन प्रकारांत येतो. एकाच्या आत पडद्यावर चित्र उमटवणारा भाग असतो, दुसऱ्यात तो नसतो, त्याला वेगळं कार्ड लागतं. तुझ्या डब्यात त्या कार्डाला जागा नव्हती, आणि तुझ्या यादीत दुसरा प्रकार होता.

तुला आठवतं ते असं की बाबांनी यादी परत दिली आणि म्हणाले, व्यवस्थित आहे. आणि दुसऱ्या दिवशी, बी.एस्सी.चा हट्ट धरून बसलेले बाबा अचानक नरमले आणि पैज लावली. तुझा संगणक प्रवेशाच्या पसंतीचा फॉर्म बंद व्हायच्या आत सुरू झाला, तर संगणक अभियांत्रिकी भर, मी एक शब्द बोलणार नाही. नाही झाला, तर वर्धा. आईने त्या दिवशी शिरा केला. काकासुद्धा म्हणाले, विश्वनाथचं मन मोठं आहे. तू माझ्या हातावर हात मारून शब्द दिलास.

डायरीत तारखा आहेत. चूक सापडली २१ जूनला. पैज लावली २२ जूनला. फॉर्मचा शेवटचा दिवस १३ जुलै. मला बावीस दिवस होते. तुला शिकायला मिळेल म्हणून गप्प राहिलो, असं मी त्यातले पहिले नऊ दिवस लिहिलंय. दहाव्या दिवसापासून तेही लिहिलेलं नाही.

१३ तारखेचा रविवार तुला मी सांगायला नको. एकही वायर बाहेर दिसत नव्हती, इतकं सुबक जोडलं होतंस. बटण दाबलंस, पंखा फिरला, निळा दिवा लागला, पडदा काळा. काका म्हणाले, "पंखा फिरून राहिला, दिवा लागला, अन् टीव्ही काळाच! भूत बसलं का वं आत?" तू तीनदा सगळं उघडलंस, तीनदा जोडलंस. मी मोबाइलचा टॉर्च धरून बसलो होतो. घामाने चष्मा घसरत असताना तू म्हणालीस, "बाबा, किती स्थिर धरता तुम्ही." सहा वाजता तू हात धुतलेस, फॉर्म न भरता लॅपटॉप मिटलास, आणि चहा मागितलास.

मंगळवारी सीताबर्डीच्या दुकानदाराने तुला एका मिनिटात चूक सांगितली. घरी येऊन तू माझी माफी मागितलीस. म्हणालीस, "माझ्या डोक्यात हे असं मूलभूतच जर येत नसेल, तर तुमचंच बरोबर होतं. आणि तुम्हाला तरी कसं कळणार होतं?" मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. बरोबर प्रोसेसर बसवून तो डबा आता चालतो. मी बसवला. पहिल्या झटक्यात पडदा उजळला.

वरचं सगळं सात तारखेलाच लिहून झालं होतं. पाकीट चिकटवून, तिकीट लावून ऑफिसच्या बॅगेत ठेवलं. अभियांत्रिकी प्रवेशाच्या दोन फेऱ्या तेव्हा शिल्लक होत्या, आणि प्रत्येक फेरीआधी पसंती नव्याने भरता येते, हे मी त्याच दिवशी पाहून घेतलं होतं. रोज पोस्टाच्या पेटीवरून गेलो. काल संध्याकाळी शेवटच्या फेरीची मुदत संपली. आज सव्वीस ऑगस्ट. पाकीट उघडून एवढं जोडतोय आणि दुपारी पेटीत टाकतोय. चूक तुझी एकटीची नव्हती, हे तुला कळायला हवं होतं. ते कळल्यावर तू वर्धा सोडून अभियांत्रिकीला जावंस, हे मला नको होतं. दोन्ही जमतील असा दिवस मी शोधत होतो. तो आज आहे.

तुझाच,
बाबा