पुण्याच्या हॉटेलात माझं इंग्रजी

मु. जानेफळ

जाकीरभाऊ,

पुंजाजीचा रामराम अन् सलाम, दोन्ही घे. गुडघे कसे हायेत? अंजुमच्या लेकराईले आशीर्वाद सांगजो. लेकीकडची, जळगाव जामोदची हवा तुले मानवली म्हणतेत. मानवू दे, पण लय नको.

मी पोराकडं, शिवमकडं, पुण्याले जाऊन आलो. तिथं मित्र हॉटेलात गेले का पैशाचं इंग्रजीत बोलतेत, म्हणून सूनबाईनं, राखीनं, मले आधीच शिकवून ठेवलं. ‘लेट्स स्प्लिट’ म्हणजे सारखी वाटणी. ‘टीटीएमएम’ म्हणजे तू तुझं, मी माझं (हे इंग्रजी नाहीच बे, हे तर भावाभावाच्या वाटणीतलं बोलणं!). अन् ‘इट्स ऑन मी’ म्हणजे आजचं सगळं माझ्यावर. मी सारं पाठ केलं.

मंग शिवमचे हापिसातले मित्र आम्हाले जेवाले घेऊन गेले. वेटरचा हात हालला अन् गरम सांबार माझ्या धोतरावर! शिवमनं बजावलं होतं, बाबा, चारचौघात वऱ्हाडीत ओरडू नका. म्हणून मी मांडी धरून इंग्रजीत ओरडलो, “इट्स ऑन मी!”

सगळ्याईनं टाळ्या वाजवल्या. “थँक्यू अंकल!” म्हणत एकानं आईस्क्रीम मागवलं. मी घाईघाईनं “टीटीएमएम, टीटीएमएम” म्हटलं, तर लोक अजूनच हासले. म्हाताऱ्याले गंमत करता येते म्हणे. शिवम फोन काढून पैसे द्याले निघाला. म्या त्याचं मनगट धरलं. बोललो ते बोललो.

अन् मनगट धरलं तसा तू आठवला. मेहकरच्या स्टँडवर चहा पिल्यावर तू माझा हात धरे, मी तुझा. ओढाताणीत आपली एसटी निघून जाय. एकदा मी पैसे देऊ नये म्हणून तू माझा खिसाच फाडला. नूरजहांभाभीनं तो हिरव्या दोऱ्यानं शिवला (पांढऱ्या शर्टाले!) अन् तुले शिव्या घातल्या. ही पोरं फोनवर बोट ठेवून वाटणी करतेत. कोणी रुसत नाही, कोणाची गाडी चुकत नाही. चांगलंच हाय. पण मले तिथं करमलं नाही.

तुझा,
पुंजाजी

ता.क. : शिवम म्हणते, “बाबा, आता पुण्यालेच राहा. जानेफळात एकटे काय करता?” म्या म्हटलं, “एकटा काऊन? जाकीर हाय.” तो म्हणे, “नूरजहांचाची गेल्यापासून ते तर लेकीकडं हायेत.” म्या ठोकून दिलं, “येत्या पोळ्याले येऊन राह्यला, कायमचा.” तुले इचारलं नव्हतं, ते आता इचारतो.

आणखी एक : तुझ्या अंगणातलं गवत काढलं अन् दाराच्या कुलपात तेल सोडलं. ते उघडते का नाही, मले समजलं नाही. किल्ली तुझ्यापाशी हाय.