बाळ बाहेर, मी आत

सन्माननीय व्याही बोमाई यांना सिउनेचा बसल्या जागेवरून नमस्कार. (उठून, लवून करायला हवा होता, पण इथं वर डोकं लागतं. का, ते पुढं येईलच.) आपली कंबर आता कशी आहे? विहीणबाईंची रताळी यंदा झकास आली असं ऐकलं. आमचीही आली होती, पण ती बाळाने उकरली.

बाळ म्हणजे तुमच्या वेरोनिकाचं मोल म्हणून आम्ही तुम्हाला द्यायची आहे ती कॅसोवरी; पक्षी खरा, पण उडणं नाही, नुसतं धावणं आणि लाथा. दोन वर्षांपूर्वी पोरांचं ठरलं तेव्हा तुम्हीच चारचौघांत म्हणालात, "डुकरं काय, कुणीही देतं. कॅसोवरी देणारा व्याही पाहिजे!" मलाही चेव आला आणि मी खालच्या रानातून मुठीएवढं पिल्लू आणलं. अंगावर पट्टे, शीळ घातल्यासारखा आवाज. अग्नेस (माझी बायको, तुम्ही ओळखता) त्याला जाळीच्या पिशवीत घालून मळ्यात न्यायची. खाली सोडलं की ते माझ्या टाचांमागे. नदीवर निघालो तरी मागे, आडोशाला निघालो तरी मागे. लाड झाले, हे मी कबूल करतो.

आमच्या कुमाकाकांनी बजावलं होतं, "अरे, रानात बाप नऊ महिने पिल्लं सांभाळतो, मग लाथा घालून हाकलतो. तू एक तर हाकल, नाहीतर पिंजऱ्यात घाल." हाकललं तर लग्न मोडतं. पिंजऱ्याचं मनावर घ्यायचो, तर वाटायचं, अजून लहान आहे. असं म्हणता म्हणता ते माझ्या खांद्याला लागलं. पट्टे जाऊन काळी पिसं आली, मान निळी झाली, डोक्यावर शिंगासारखा टोप उगवला आणि पायाच्या आतल्या बोटाला सुऱ्याएवढी नखी. आता ते लाडात आलं तरी दाराची फळी फुटते आणि रागावलं तरी तीच फुटते, त्यामुळे नेमकं काय झालंय ते आम्हाला फळीवरून कळत नाही. गेल्या रविवारी प्रार्थना घ्यायला आलेले मास्तर छपरावर चढले आणि प्रार्थना तिथूनच झाली.

शेवटी काल जाड खांबांचा पिंजरा बांधला. बाळ आत जाईना. म्हटलं, लहानपणी मागून यायचं, आताही येईल. मी रांगत आत गेलो. ते आलं नाही, दाराला टेकून उभं राहिलं आणि बाहेरचा अडसर पडला. कालपासून मी आत आहे. कुणी अडसर काढायला आलं की ते पोटातून गुरगुरतं आणि अंगावर धावतं. आमचा केरेंगा, तुमचा होणारा जावई, लांबून पपईच्या फोडी टाकतो. त्या ते स्वतः खात नाही, चोचीत उचलून खांबांमधून माझ्यापुढे ठेवतं. रानातला बाप पिल्लांना असंच भरवतो म्हणे.

अग्नेस कुंपणाआडून ओरडते, "अहो, तुम्ही त्याला पाळलंय की त्याने तुम्हाला?" ते मला कोंडून बसलंय की राखत बसलंय, हेच मला कळेनासं झालंय. रात्री मात्र खांबांना टेकून झोपलं होतं, आणि मला ऊब मिळाली.

बाकी सर्व क्षेम. लग्न ठरल्याप्रमाणे शनिवारीच. वेरोनिकाला अनेक आशीर्वाद.

आपला,
सिउने

ता. क. पत्र केरेंगा काठीने ओढून घेणार आहे. एक कोपरा फाटलेला दिसेल, तो बाळाने खाल्ला.

ता. क. दुसरा. बाळ फक्त माझ्या मागून चालतं. म्हणून शनिवारी कसंही करून इथून सुटेन आणि ते घेऊन मीच येईन. वाटेवरची माणसं आधी हलवावीत.

ता. क. तिसरा. विचारायचं ते सगळ्या पत्रात धीर करून विचारता आलं नाही. तुमच्याकडे आलेली कॅसोवरी दुसऱ्या दिवशी तापल्या दगडांत शिजते, हे मला ठाऊक आहे. व्याहीबुवा, हात जोडतो, हिला शिजवू नका. जेवणावळीला दोन डुकरं जास्तीची आणतो. आणि मी परत फिरलो तर बाळ माझ्यामागून परत येईल आणि पोरांचं लग्न अडेल, म्हणून मी परतणार नाही. तुमची मुलगी आमच्याकडे नांदेल, मी तुमच्याकडे. पिंजरा बांधाल तो जरा उंच बांधा, इथं माझी मान फार अवघडली आहे.