चिंचा गेल्यावर

आबा, भुसावळची रेल्वे कॉलनी सोडून तुम्ही जळगावच्या बाहेर, वस्ती नसलेल्या ठिकाणी प्लॉट घेतलात तो समोरच्या चिंचांकडे बघून, असं आई चारचौघांत सांगायची आणि तुम्ही कधी नाकारायचा नाहीत. रस्त्याच्या कडेने त्या जुन्या चिंचा होत्या, दिवेलागणीला त्यांच्यावर बगळे उतरायचे. पलीकडे मोकळं मैदान. हळूहळू आजूबाजूला घरं झाली, आणि मग नगरपालिकेने मैदानाचा आराखडा बदलला. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं, आणि समोरचा रस्ता रुंद. चिंचा त्या रुंदीत येत होत्या. बिल्डिंग बांधणारे शेठजी माणूस म्हणून वाईट नव्हते. किराण्यासाठी बायकांना उन्हातान्हात गावात जावं लागतं, हे त्यांचं म्हणणं कॉलनीत बहुतेकांना पटलं होतं; आईलासुद्धा. हरकत घेणारे तुम्ही एकटेच. सुनावणीला मी तुमच्याबरोबर आले होते. साहेबांनी विचारलं, झाडं तुमच्या मालकीची आहेत का. तुम्ही म्हणालात, “नाही. मी त्यांच्याकडून आलोय.” लोक हसले. साहेब हसले नाहीत. तुमच्याकडे न बघताच त्यांनी हरकत फेटाळली.

तोडणी झाली, बिल्डिंग उभी राहिली, आणि पुढच्या वैशाखात तुम्ही दुपारचं जेवण झालं की खुर्ची उचलून दुकानांसमोरच्या उघड्या जागेत जाऊन बसू लागलात. जळगावचं ऊन; कुत्रीसुद्धा गटाराच्या ओलीत पडून असायची. तुम्ही डोक्याला काही न बांधता बसायचात आणि मधूनमधून खुर्ची जराशी पूर्वेला सरकवायचात. तुम्ही काय करताय ते माझ्या उशिरा लक्षात आलं. चिंचांची सावली जशी सरकायची, तशी खुर्ची सरकत होती. एकदा आईने मला तुम्हाला आणायला पाठवलं. ती दुपार अजून माझ्यासमोर आहे. चपलेतून तळवे भाजताहेत, दुकानं बंद आहेत, वारा अजिबात नाही. मी तुमच्या कपाळाला हात लावते. कपाळ गार आहे. लोखंडी खुर्चीचा हातही गार आहे. तुम्ही म्हणता, “बैस ना जरा.” मी बसत नाही. पळत घरी येते आणि आईला सांगते, ते येत नाहीत.

त्याच सुमारास शेठजी आपल्याकडे आले. त्यांची सून वरच्या मजल्यावर राहायची, बाळंतपण आटोपून नुकतीच माहेरून आली होती. दिवेलागणीला बगळे तिच्या खिडकीपाशी येतात, असं त्यांनी सांगितलं. ओरडत नाहीत, नुसते पंख मारत हवेत थांबतात, बसायला जागा शोधल्यासारखे. खिडकी लावली तरी बाळाच्या दुपट्यावर चिंचेचा बारीक पाला सापडतो. सून अंधार पडेपर्यंत बाळाला घेऊन खाली दुकानात बसून राहते, आणि आता कायमची माहेरी जाते म्हणते. मला वाटलं, तुम्ही सुनावणीवरून काहीतरी बोलून दाखवाल. शेठजी एवढंच म्हणाले, “आबा, ते तुमचं ऐकतील.” तुम्ही चपला घातल्यात.

मी मागोमाग आले. खोलीत पाळणा होता, सून बाळाला छातीशी धरून दाराबाहेर उभी होती. काचेपलीकडे ते पांढरे पक्षी खरंच होते. पंखांचा आवाज मात्र खोलीच्या आतून येत होता. तुम्ही खिडकी उघडलीत. आमच्याशी घरात कधी न बोललेल्या तुमच्या गावाकडच्या बोलीत, लेकरांची समजूत घालावी तसं म्हणालात, “आते आठे काहीच नही शे. जा रे बठ्ठा.”

आता इथे काहीच नाही, हे ऐकल्यावर ते सगळे गेले, आणि परत कधी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही खुर्ची घेऊन बाहेर गेलात आणि लगेच माघारी आलात. आईला म्हणालात, “ऊन लागतं गं.” त्यानंतर तुम्ही खुर्ची बाहेर नेली नाहीत. पावसाळा संपायच्या आत गेलात.

शेठजींची सून त्याच खोलीत मुलं वाढवून म्हातारी झाली, आता मुलाकडे असते. आपलं घर आईनंतर विकलं गेलं. हे लिहिलेले कागद मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून सांगते. तुम्हाला आवडणार नाही, पण ती वरची खोली मी भाड्याने घेतली आहे. दूध, औषधं, भाजी सगळं खाली मिळतं. माझ्या गुडघ्यांना बरं पडतं. दिवेलागणीला तेवढी खिडकी लावून घेते. बगळ्यांची भीती नाही वाटत. तुम्ही त्याच आवाजात मलाही जा म्हणाल, याची वाटते.