भवानीचं गिऱ्हाईक

३ जानेवारी, सकाळी ९.४०
नव्या वर्षाचे संकल्प. (दोन दिवस उशीर, कारण वही काल मिळाली.) एक, बाहेरचं खाणं बंद. दोन, राग बंद. तीन, जूनमध्ये डिप्लोमाला परत ॲडमिशन. कॉलेज सुटलं ते अभ्यासामुळं नाही, हे इथं नोंदवून ठेवतो. कॅन्टीनच्या सामोशात बटाट्याच्या जागी नुसता वाटाणा निघाला. मी आवाज उठवला. मग सामोसा उचलला. तो काचेला लागला. प्रिन्सिपॉल सरांनी काच बघितली, सामोसा बघितला नाही.

३ जानेवारी, दुपारी १.१५
तिन्ही संकल्प जागेवर आहेत. पहिला फक्त उद्यापासून.
झालं असं की आण्णांनी मोटरीचा स्टार्टर घेऊन शिक्रापूरला पाठवलं. चौकाच्या अलीकडं, कंपन्यांच्या बसा थांबतात तिथं, ‘गिताई स्नॅक्स’. तर्रीचा वास आला. संकल्प खाण्याबद्दल होता, वासाबद्दल नव्हता, म्हणून आत गेलो. गल्ल्यावर मालकीण गिताबाई मावशी. वाढायला त्यांची मुलगी, प्रगती. तिनं विचारलं, दादा, तिखट का मध्यम?
मला तिखट सोसत नाही. घरी आई माझ्या आमटीत वेगळा गूळ टाकते. मी म्हणालो, तिखट.
तिसऱ्या घासाला डोळ्यांसमोरचा पुणे-नगर रोड दिसेनासा झाला. तिनं पाण्याचा ग्लास आणून ठेवला. न मागता. पुन्हा लिहितो, न मागता.
दादा म्हणाली हे मान्य. पण ते धंद्याचं संबोधन आहे, नात्याचं नाही.
स्टार्टर मिसळीच्या टेबलाखाली राहिला. म्हणजे उद्या जावंच लागणार.

४ जानेवारी, सकाळी ७.२०
६.१५ लाच पोचलो. शटर नुकतं वर गेलेलं. पहिलं गिऱ्हाईक मी. नोट दिली तर मावशींनी ती कपाळाला लावली, गल्ल्याला लावली, म्हणाल्या, झाली बाबा भवानी. दिवसाच्या पहिल्या विक्रीला एवढा मान असतो हे माहीत नव्हतं. कॉलेजात मी एकदा पहिल्या बाकावर बसलो होतो, कुणी काही कपाळाला लावलं नव्हतं.

५ जानेवारी, सकाळी ७.३०
काल मावशींचं पातेलं साडेनऊलाच रिकामं! वऱ्हाडाच्या दोन ट्रॅव्हल्स थांबल्या होत्या असं शेजारचा पंक्चरवाला म्हणतो. थांबल्या असतील. मावशींचं म्हणणं वेगळं. म्हणाल्या, लेकरा, तुझा पायगुण लई चांगला हाय, रोज पहिली भवानी तूच करत जा.
आता डोकं शांत ठेवून विचार करू. पायगुण माणसं बघतात कुणाचा? घरात येणाऱ्या सुनेचा. नव्या म्हशीचा. आणि जावयाचा. सून मी होऊ शकत नाही. म्हैसही नाही. उरलं काय ते स्पष्ट आहे.
प्रगती पलीकडं कांदा चिरत होती. डोळ्यांत पाणी होतं.

९ जानेवारी
सलग सातवी तिखट मिसळ. पोटात बोअर मारतायत असं वाटतं. आई ताक देते आणि काही विचारत नाही. आण्णा विचारतात. आज म्हणाले, तुझ्या आज्यानं हयातभर मेंढरं राखली, पर मेंढरंबी रोज एकाच जागी चरत न्हाईत. राग बंद आहे. फक्त दार जरा जोरात लागलं. बिजागरी जुनी होती.

११ जानेवारी
आज माझी जबाबदारी वाढली. कंपनीतला एक माणूस आला, चार जणांना घेऊन. मिसळ पुढ्यात येताच म्हणाला, भैया, केचप मिलेगा? मी माझ्या टेबलावरून उठून समजावलं. पहिलं वाक्य शांतपणे. पुढची वाक्यं रोडच्या पलीकडं ऐकू गेली असं पंक्चरवाला म्हणतो. पाची जण न खाता गेले.
गिऱ्हाईक पाच कमी झालं, पण दर्जा राहिला. घरचा माणूस म्हणून एवढं करायलाच पाहिजे.
प्रगती जवळ येऊन म्हणाली, दादा, तुमचं खाऊन झालं की तुम्ही जात जा. लोकं बघतात याची काळजी वाटते तिला. साहजिक आहे. मुलगी आहे.

१४ जानेवारी, संक्रांत
प्रगतीनं तिळगूळ दिला. म्हणाली, गोड बोला. बाकी सगळ्यांना एकदा म्हणाली. मला तीन वेळा. तिसऱ्या वेळी हात जोडून.
त्या तिळगुळाचे दोन लाडू खाल्ले. तिसरा पाकिटात ठेवलाय. मुंग्या आल्या तर बघू.

१८ जानेवारी, सकाळी १०
राग आला नव्हता. तत्त्वाचा प्रश्न होता.
एक जाडसर गृहस्थ आले. मिसळ खाता खाता म्हणाले, समोरच्या हौसरावाकडं ह्याच्यापेक्षा बरी तर्री असते. रोडच्या पलीकडं हौसराव आप्पांचं मिसळ हाऊस आहे, ते मावशींचे पक्के प्रतिस्पर्धी. आमच्याच टेबलावर बसून त्यांची तारीफ? मी म्हणालो, मग पलीकडंच जाऊन गिळायचं. ते म्हणाले, तू कोण रे मला सांगणारा? मी कोण ते सांगायला उठलो तेव्हा रश्शाचं भांडं मध्ये आलं. ते त्यांच्या पांढऱ्या शर्टावर गेलं. मी टाकलं नाही, ते गेलं.
नंतर कळलं, ते प्रगतीचे सख्खे मामा. दौंडहून आले होते.
चला, सासरकडच्या एका माणसाशी तरी ओळख झाली.

२१ जानेवारी
मावशींनी दाराला लिंबू-मिरची बांधली. काल अर्धं पातेलं उरलं, परवा सगळं. मावशी म्हणाल्या, तुमचा पायगुण फिरला जणू. उद्यापासनं दुपारच्याला या.
लेकराचं ‘तुम्ही’ झालं. लग्न ठरायच्या वेळी जावयाला मान वाढतोच.

२२ जानेवारी, सकाळी ७.४५
दुपारी या म्हणाल्या म्हणजे मन बघतायत. सहालाच गेलो. शटर अर्धं खाली. खालून मावशींचे पाय दिसत होते, ते हलत नव्हते. मी बाहेर, त्या आत, अर्धा तास. एक ट्रक ड्रायव्हर आला. तो वाकून आत शिरणार तेवढ्यात मी सांगितलं की इथं पहिला नंबर माझा असतो. तो म्हणाला, अरे भाई, चाय पीनी है. मी म्हणालो, चहालाही माझाच. तो गेला. आतून मावशींचा आवाज आला. कुणाला तरी उद्देशून अगं आई गं म्हणाल्या.
शेवटी पंक्चरवाल्याला मागच्या दारानं आत घेतलं, त्याच्याकडनं भवानी करवली, मग शटर वर गेलं. मागच्या दारानं! ह्या वयात मावशींना एवढी धावपळ. लवकर हे घर हातात घेतलं पाहिजे.

२५ जानेवारी. आयुष्यातला मोठा दिवस.
प्रगती माझ्याशी दहा मिनिटं बोलली. पाण्याच्या ड्रमपाशी, बाजूला घेऊन. म्हणाली, माझं एक काम कराल? मी म्हणालो, जीव मागा. ती म्हणाली, जीव नको, उद्यापासनं समोर हौसराव आप्पांच्यात पहिली भवानी करायला जायचं. रोज. आणि मी सांगितलंय हे कुणाला म्हणायचं न्हाई.
अख्ख्या शिरूर तालुक्यात तिला हे काम सांगायला मीच सापडलो. प्रेम याहून वेगळं काय असतं?
आत मावशी देवाला अगरबत्ती लावत होत्या.

२६ जानेवारी, सकाळी ८
झेंडावंदनाआधी कामगिरीवर रुजू. आप्पांनी विचारलं, तिखट का मध्यम? इथं कुणाला दाखवायचं नव्हतं. मध्यम.
ही नोंद कुणी वाचणार नाही म्हणून खरं लिहितो. मिसळ चांगली आहे. मटकी सगळी आख्खी, तरी शिजलेली. रश्श्यात खोबरं भाजून वाटलेलं. वर बारीक शेव, शेजारी दह्याची वाटी, आणि मटका चहाच्या आधी एक गोल भजं फुकट. प्रगतीशी प्रतारणा नको म्हणून निम्मी ठेवून उठलो. मग अन्नाचा अपमान नको म्हणून परत बसलो.

२९ जानेवारी
मनाला टोचणी. उपाय सापडला. खायची पूर्ण, पण नावं ठेवायची मोठ्यानं. आज चौघांसमोर सांगितलं की हा रस्सा म्हणजे गढूळ कालव्याचं पाणी. एक म्हातारबाबा म्हणाले, मग तिसऱ्यांदा कशाला घेतोयस बाळा? त्यांच्याशी वाद झाला. मग त्यांच्या दोन मुलांशी. मग आख्ख्या बाकाशी. बाक मोडला.

२ फेब्रुवारी
आप्पांचंही पातेलं उरायला लागलं. ते माझ्याकडं बघतात तेव्हा ओठ हलतात. आज मी बसायच्या आधी आप्पांनी स्वतःच पहिली मिसळ खाल्ली, खिशातनं नोट काढून स्वतःला दिली, स्वतःच्या कपाळाला लावली. मग मला म्हणाले, पाव्हणं, आता या, भवानी झाली.
मी ऐकलं नाही. मालकानं केलेली भवानी धरत नाहीत, असं त्यांना समजावलं. भजं मिळालं नाही.
समोर मावशींकडं मात्र रांग. प्रगतीनं रोडपलीकडून माझ्याकडं बघितलं आणि हसली. खरं तर आईकडं बघून हसली, पण दिशा माझी होती.
वजन साडेतीन किलो वाढलं. प्रेमात माणूस झुरतो म्हणतात. सगळ्यांना लागू नसावं.

५ फेब्रुवारी
प्रगतीनं फोन केला! स्वतःहून! म्हणाली, तुम्ही फार मोठं काम केलं, अजून एकच करा. रविवारी सकाळी केंदूरला सविता म्हणून आहेत, त्यांच्या घरी सगळ्यांच्या आधी जायचं. म्हैस विकायची हाय का म्हणून विचारायचं, चहा-पोहे खायचे, यायचं. मी विचारलं, का? ती म्हणाली, आमच्या घरचं नाजूक काम हाय.
आमच्या घरचं. हे दोन शब्द मी गाडीवर जाताना तळेगावपर्यंत म्हणत होतो.

८ फेब्रुवारी, दुपारी १२
गेलो. सविताबाईंच्या अंगणात सडा, रांगोळी, खुर्च्या मांडलेल्या. कुणीतरी यायचं होतं. तरी मला बसवलं, पोहे दिले. पोह्यांवर ओलं खोबरं, शेंगदाणे चांगले तळलेले, लिंबाची फोड. दोन प्लेटा घेतल्या. मग म्हैस बघायला गेलो. घरातले आजोबा म्हणाले, इकायची न्हाई, पर बघा, दहा लिटर देती. मी म्हणालो, ही दहा लिटर पाणीही पीत नसेल. आजोबा म्हणाले, तू कोण रे? हा प्रश्न मला लोक फार विचारतात. मग जे व्हायचं ते झालं. आजोबांचा आवाज, माझा आवाज, म्हैस सुटली, रांगोळीवरून गेली, आणि नेमकी तेव्हाच एक पांढरी गाडी फाटकात उभी राहिली. आतल्या पाहुण्यांनी काच खाली केली, बघितलं, काच वर केली.
मी काम झालं म्हणून निघालो.

९ फेब्रुवारी
मावशींनी बोलावलं. शटर पूर्ण वर. माझ्या हातावर दोन पेढे. म्हणाल्या, लेकरा, जमलं. मी पाया पडायला वाकलो.
मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलगा दौंडकडचा, केडगावचा, रांजणगावला कंपनीत परमनंट. काल त्यांची माणसं सकाळी इथं प्रगतीला बघून गेली. त्यानंतर त्यांना अजून एक मुलगी बघायची होती, केंदूरला, सविताबाईंच्या घरची. मावशींना त्याच मुलीची धास्ती होती, शिकलेली हाय म्हणाल्या. पण पाहुणे केंदूरच्या फाटकातनंच माघारी फिरले आणि संध्याकाळी इथं होकार कळवला.
मावशी म्हणाल्या, तुझा पायगुण दुसऱ्याच्या दारात सोन्यासारखा हाय बघ.
मी पेढे खाल्ले. दोन्ही. खव्याचे होते.

१० फेब्रुवारी, सकाळी ६.१०
कुठंच गेलो नाही. आईनं उपीट केलं. खाल्लं. आण्णा म्हणाले, आज मेंढरू घरी कसं? दार लावलं नाही.

१२ फेब्रुवारी
प्रगतीला शेवटचं विचारून टाकायचं म्हणून गेलो. चार वाक्यं पाठ केली होती. ती ड्रमपाशीच भेटली. मी पहिलं वाक्य सुरू केलं. ती म्हणाली, बरं झालं आलात, मीच फोन करणार होते. लग्न दोन मेला हाय.
मी म्हणालो, मी येईन.
ती म्हणाली, न्हाई, तेच सांगायचं होतं. राग मानू नका. आई म्हणते तुम्ही त्या दिवशी मांडवाच्या आसपास नसावं. जेवण मी तुमच्या घरी पोचतं करते. गरम. माणूस पाठवून.
राग यायला पाहिजे होता. आला नाही. बाकीची तीन वाक्यं तोंडात होती, पण समोर मोठ्या पातेल्यात तर्रीला उकळी फुटली होती आणि ती पळीनं ढवळायला वळली.
मी विचारलं, मठ्ठा असेल का?
ती म्हणाली, व्हय, मठ्ठा, जिलेबी, सगळं.
मी म्हणालो, मग जिलेबी जरा जास्त पाठवा, आम्ही घरात तिघं आहोत.