तुमचं पॅराशूट, माझं पोट

ती. स्व. भाऊजींना,

साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे, पण माझी कंबर अजून वाकत नाही. उभ्याने केलेला नमस्कार गोड मानून घ्या. तब्येत उत्तम असेलच. तुम्हाला काय धाड भरलीय?

मी दवाखाना बंद ठेवून पडून आहे. दात दाखवायला येणारी माणसं आता मला बघायला येतात. काल शेजारच्या केमिस्टने हळूच विचारलं, डॉक्टरीणबाई, तुम्ही रडलात म्हणून विमान परत आणावं लागलं म्हणे? (वर गोळ्यांवर सवलत दिली. दयेपोटी.) खोदून विचारलं, तर ही बातमी तुमच्या तोंडून निघून सगळ्या नातेवाइकांत फिरून आलेली.

भाऊजी, मी रडले? आठवत नसेल तर सांगते. पॅराशूटच्या उडीसाठी विमानात चढण्याआधी प्रशिक्षक बाईंनी प्रत्येकाचा पट्टा ओढून बघितला आणि तुम्हाला बजावलं, "दार उघडं असताना दाराकडे पाठ करायची नाही. राखीव पॅराशूटच्या हँडलवरचा हात काढायचा नाही." तुम्ही हसून म्हणालात, "बाई, मी आजवर कधी आपटलोय का?" मग त्या डबीएवढ्या विमानात गुडघ्याला गुडघे लावून आपण वर गेलो. बाईंनी मला स्वतःच्या पोटाशी पट्ट्यांनी बांधून घेतलं (माझं लग्नसुद्धा इतकं घट्ट जमलं नव्हतं). दार उघडलं, आणि तुम्ही काय केलंत? मला अंगठा दाखवायला वळलात. दाराकडे पाठ करून. दोन्ही हात मोकळे सोडून.

हँडल दाराच्या चौकटीत अडकलं, पाठीवरची पिशवी फटकन उघडली आणि पॅराशूटचं कापड दाराकडे सरपटायला लागलं. ते बाहेर गेलं असतं, तर त्याने तुम्हाला ओढून विमानाच्या शेपटीवर आपटलं असतं. शेपटी मोडली की आपण सगळेच संपलो. बाईंनी कापडावर झेप घेतली. आता बाईंच्या पुढे मी बांधलेली, त्यामुळे खाली कापड, त्यावर मी, माझ्यावर बाई. तुमचा जीव दाबून धरला तो माझ्या पोटाने. बाईंनी हात लांबवून दार ओढून घेतलं. विमान उतरेपर्यंत तुम्ही माझी वेणी धरून बसला होतात. भीती कशी दिसते ते मी रोज माझ्या खुर्चीत बघते. तुमची तर पाठमोरीही ओळखली असती.

त्या कापडावर पडल्या पडल्या माझ्या डोळ्यांपुढे ताई होती. खाली उतरून तिला काय सांगायचं, एवढंच डोक्यात. आणि तुम्ही उतरल्या उतरल्या तिला काय सांगितलंत? "तुझी बहीण घाबरली." चूक झाली असती तर पोटात घातली असती. (तशी ती घातलीच होती.) हे मात्र पोटात जाणार नाही.

तुमची,
न रडलेली मेव्हणी

ता. क. रविवारी सगळे जेवायला जमतील तेव्हा खरं काय ते स्वतःच्या तोंडाने सांगा. माझी मागणी तेवढीच.

ता. क. अक्षर ओळखीचं वाटलं असेल. माझं मनगट मुरगळलंय. मी सांगतेय आणि ताई लिहून घेतेय.

ता. क. (हे माझं, लिहून घेणारीचं.) लिहिताना मध्ये दोनदा उठून गेले. रविवारी जेवायला कुणी येणार नाही, मी सगळ्यांना कळवलंय. त्या दिवशी बाईंनी मला उडीची वेळ दिलीय. तुम्ही खाली मैदानात थांबा, आणि मी उतरेपर्यंत वर बघत राहा.