धारच्या किल्ल्यात अनवाणी

बोदलकसा, सोमवार, संध्याकाळ

सकाळी धारवरून परतलो. तळपाय अजून पेटून राहिले. सुनीताच्या बियाणे कंपनीची तिथे तीन दिवस बैठक, आणि मी नुसता नवरा म्हणून सोबतीला. ती दिवसभर सभागृहात, मी एकटा शहर पाहत. पाहून पाहून माणूस किती पाहणार?

निघताना बाबांनी बजावलं होतं, "आपले पूर्वज तिथूनच आले. किल्ल्याच्या दारात चप्पल काढजो." आम्हा पोवारांच्या घरी धारचं नाव देवासारखं घेतात. म्हणून काढली. तिकीटवालीला सांगितलंही, आम्ही मूळचे इथलेच. ती "अच्छा" म्हणाली आणि सुटे मागितले.

भर उन्हात तापल्या दगडांवर दोन तास फिरलो. बाकीचे बूट घालून फोटो काढत होते. मला काहीतरी वाटायला हवं होतं ना? पाय भाजले, बाकी काही नाही. निघताना दारातल्या पहारेकऱ्याने कळवळून विचारलं, "भैया, चप्पल चोरी हो गई क्या?"

लॉजवर मलम लावताना सुनीता चिडली. "बाबांनी म्हटलं म्हणून काहीही काऊन करता?" 

आणि आज घरात पाऊल टाकत नाही तर बाबांचा पहिला प्रश्न, "कोणी ओळखलं का रे आपल्याले?"

मी पाय दुमडून घेतले. म्हटलं, "हो. एकाने दारातच आपुलकीने विचारपूस केली."

बाबांचे डोळे भरून आले. म्हणाले, "मग मलेही घेऊन चाल एकदा. मीही अनवाणीच चालीन."