सतरा तास

आण्णा,

आज ऑफिसातल्या एका मुलीनं विचारलं, तुझं गाव किती लांब? तिनंच संगणकावर टोरांटो आणि मुंबई अशी नावं घातली. साडेबारा हजार किलोमीटर, सरळ रेघ. त्या रेघेवर आपली कोडोली कुठंच नव्हती. मी उगाच कॉफी आणायला उठले.

तुम्ही कधी किलोमीटर विचारलेच नाहीत. कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून जन्म गेला तुमचा, अंतर तुम्हाला तासांतच कळायचं. अजून डोळ्यांपुढं येतं, मी शाळा सुटल्यावर तुमच्या खिडकीपाशी बसलेली असते. गारगोटीहून गाडी सुटलेलीच नाही, तरी तुमच्या जोडीचा माणूस एका बाईला सांगतो, येतीया दहा मिनिटांत. तुम्ही त्याला सगळ्यांदेखत झाडता. "खोटी येळ सांगू नगा. लेट हाय म्हणा, शिव्या खावा. खोट्या येळंवर माणूस वाट बघत बसतंय की."

अठ्ठ्याण्णव साली माझं परदेशी जायचं ठरलं. आई भाकरी थापत होती, तुम्ही जेवत होता. "किती तास?" एवढंच विचारलंत. मी म्हणाले, सतरा. तुमचा थांबलेला घास तोंडात गेला. "म्हंजे आपल्या नागपूर गाडीपेक्षा कमीच की!" मग गावभर सांगत सुटलात, पोरगी नागपूरच्या अलीकडंच हाय म्हणून. मला हसू यायचं, आणि बरंही वाटायचं.

पाच वर्षांनी दवाखान्यात पडलात, तेव्हा दादाला फोन करू दिला नाहीत. "आत्ताच कशाला? सतरा तासांत येतीया ती. लागंल तवा बोलवू." लागलं, तेव्हा त्यानं बोलावलं. मी विमानतळावरून फोन केला, निघाले म्हणून. तुम्ही मनगटी घड्याळ मागून घेतलंत.

पुढचं दादानं सांगितलं. "सारखं इचारत हुतं, किती झालं? सतरा झाल्यावर म्हणालं, उशी वर करा, आली आसंल. दाराकडं तोंड करून बसलं. मग म्हणालं, गाडी लेट हाय. त्यानंतर काय बोललं न्हाईत."

त्या वेळी मी लंडनला खुर्चीत बसून पुढच्या विमानाची वाट बघत होते. घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तुमचं घड्याळ आता माझ्याकडं आहे. इथं घरात त्याच्याशिवाय दुसरा आवाज नसतो.

आण्णा, सतरा हे नुसते हवेतले तास होते. कोडोलीच्या दारापासून इथल्या दारापर्यंत अडतीस होतात. ते मी त्या जेवणाआधीच वहीत मोजले होते. अडतीस म्हटलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं नसतं, असं मला वाटलं. आता वाटतं, जाऊ दिलं असतं, फक्त दादाला आधी फोन करू दिला असता.

हे कागद घडी घालून त्याच वहीत ठेवते. कॉफी घेऊन परत आले, तर त्या मुलीनं विचारलं, मग पोचायला किती वेळ लागतो? मी सतराच सांगितले.